सिमन्ड्स स्पार्टन, १:६ मॉडेल: चारही पंख एकाच साच्यातून काढायचे आहेत

पतंग_जळगाव

नमस्कार मंडळी. सिमन्ड्स स्पार्टन या १९२८ च्या ब्रिटिश हलक्या बायप्लेनचं रेडिओवर उडणारं मॉडेल बांधायला घेतोय. मूळ विमानाचा पंखविस्तार सुमारे ८.७ मीटर आणि लांबी सुमारे ७.३ मीटर. १:६ मापात पंखविस्तार १४५० मि.मी. आणि लांबी १२१५ मि.मी. येते. आराखडा तयार आहे. वरचा मधला भाग १५० मि.मी., प्रत्येक पंख ६५० मि.मी. लांब आणि २१० मि.मी. रुंद. मोटर विजेवरची.

हे विमान निवडायचं कारण त्याचे पंख. डावा-उजवा, वरचा-खालचा, चारही जागी एकच पंख बसतो. त्यासाठी मूळ विमानाला वर-खाली सारखा फुगीर, म्हणजे सिमेट्रिकल एअरफॉइल (पंखाचा छेद) होता. इथे अडलोय:

१. सिमेट्रिकलऐवजी सपाट तळाचा क्लार्क वाय छेद घेतला तर विमान हळू उतरेल असं बऱ्याच ठिकाणी वाचलं. घ्यावा का?
२. चार पंख खरोखर एका साच्यातून निघतात, की कागदावरच सोपं वाटतं? स्ट्रट (वर-खालच्या पंखांमधले खांब) आणि एलेरॉनच्या (पंखामागची हलती झडप) सर्वोचं (ती हलवणारी छोटी मोटर) काय करायचं?
३. आपल्याकडे मे महिन्यात ४३-४४ अंश. कोणता गोंद, कोणतं कव्हरिंग?
४. उडवायची जागा शेतातली आहे, काळी जमीन. चाकं आणि पट्टी कशी ठेवावी?

बालसा कुरिअरने मागवणार. पाइनच्या पट्ट्या आणि ३ मि.मी. प्लाय इथे मिळतो.

लळिंग

भाऊ, क्लार्क वाय घेऊ नका. तो घेतला की स्पार्टन राहतच नाही, दुसरं कुठलंही बायप्लेन होतं. कारण साधं आहे. उजवा पंख पालथा घातल्याशिवाय तो डावा होत नाही. पुढची कड पुढेच ठेवून पंख पालथा करा, वरचा पृष्ठभाग खाली जातो. क्लार्क वायचा सपाट तळ मग वर येईल. सिमेट्रिकलला वर-खाली नाही, म्हणून एकच पंख चारही जागी चालतो.

हळू उतरण्याचा फरक किती ते मोजून पाहू. चार पंखांचं क्षेत्रफळ ५४.६ चौरस डेसिमीटर. वजन २.२ किलो धरलं तर दर चौरस डेसिमीटरला ४० ग्रॅम. उन्हाळ्यातल्या हवेत सिमेट्रिकल पंखाचा स्टॉल (ज्या वेगाखाली पंख उचलणं सोडतो) ताशी ३१ किलोमीटरच्या आसपास येतो, क्लार्क वायचा २७-२८. तीन-चार किलोमीटरचा हा फरक वजन आटोक्यात ठेवून बराचसा भरून काढता येतो. वजन ३ किलोवर गेलं तर मात्र कुठलाच एअरफॉइल वाचवणार नाही.

एअरफॉइल १२ टक्के जाडीचा, नाका (NACA) ००१२ नावाचा छेद घ्या. २१० मि.मी. रुंदीला मधल्या रेषेपासून वर आणि खाली सारखीच मापं येतात: पुढच्या कडेपासून १०.५ मि.मी. वर ७.५, २१ वर ९.८, ४२ वर १२.०, ६३ वर १२.६ (इथे सर्वात जाड), १०५ वर ११.१, १४७ वर ७.७, १८९ वर ३.०. नाकाची गोलाई ३.३ मि.मी. त्रिज्येची. ३ मि.मी. प्लायची दोन टेम्पलेट करा. तपासायला टेम्पलेट कागदावर ठेवून भोवती बारीक पेन्सिलने रेघ मारा, मग ते पालथं घालून त्याच मधल्या रेषेवर ठेवा आणि पुन्हा रेघ मारा. दोन रेघा जिथे वेगळ्या दिसतील तिथे कानस लावा. हे काम घाईत उरकू नका, पुढचं सगळं यावर उभं आहे.

रिब (पंखाच्या छेदाच्या आकाराच्या फळ्या) ५० मि.मी. अंतरावर, म्हणजे एका पंखाला १४. माझा आग्रह आहे की चार नाही, पाच पंख बांधा. मूळ विमानात अदलाबदलीचा हेतूच हा होता की एक सुटा पंख चारपैकी कुठल्याही जागी चालावा आणि मालकाचा खर्च वाचावा. मॉडेललाही तेच लागू आहे. शिवाय पाचवा पंख दुरुस्तीपेक्षा दोष शोधायला जास्त उपयोगी पडतो, ते खाली सांगतो. पाच पंखांना ७० रिब. २ मि.मी. बालसाच्या १०० × १००० च्या शीटमधून चार-चारच्या तीन ओळी, म्हणजे १२ रिब निघतात. ६ शीट पुरतात, ७ मागवा.

सगळे तुकडे दोन टेम्पलेटच्या मध्ये घालून दोन भोकांतून बोल्टने आवळा आणि गठ्ठा एकदम पॉलिशपेपरने घासा. ही दोन भोकं महत्त्वाची: पुढचं पुढच्या कडेपासून ६० मि.मी. वर, मागचं १५० वर, दोन्ही अगदी मधल्या रेषेवर. त्यांचा उपयोग तीनदा होतो. आधी गठ्ठा आवळायला, मग साचा म्हणून, शेवटी पंख बॉडीला जोडायला.

साचा असा. सिमेट्रिकल रिब टेबलावर सपाट बसत नाही, दोन्हीकडून फुगीर असते. म्हणून पुढच्या भोकातून ८ मि.मी. चा आणि मागच्यातून ४ मि.मी. चा सरळ रॉड घालायचा, रिब त्यावर ओवायच्या आणि रॉडची टोकं सारख्या उंचीच्या ठोकळ्यांवर ठेवायची. रॉड विकत घेताना दुकानातच काचेवर गडगडवून बघा. मध्येच फट दिसली किंवा टकटक आवाज आला तर तो घेऊ नका. खाली ८ मि.मी. ची काच. नसेल तर स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटाही चालतो, फक्त आधी स्पिरिट लेव्हलने तपासा.

स्पार (पंखाच्या लांबीचे दांडे) पाइनचे. पुढे वर-खाली ५ × ५, मागे वर-खाली ३ × ५. पुढच्या दोन स्पारमध्ये प्रत्येक खणात १.५ मि.मी. बालसाची भिंत, तंतू उभे. आडवे ठेवले तर पहिल्या जोराच्या पुल-आउटला (सूर मारून विमान वर ओढताना) भिंत तंतूच्या रेषेत फाटते.

आता खरी अडचण. पंखात पीळ अजिबात नको, जाणूनबुजूनसुद्धा नको. काही जण टोकाकडे मागची कड थोडी वर उचलून वॉशआउट देतात. इथे तसं केलं की उजवा पंख वॉशआउटचा राहतो, पण पालथा घातलेला डावा वॉश-इनचा होतो. एका बाजूची उचल कमी, दुसरीची जास्त, आणि विमान सतत एकीकडे लोळतं. वॉशआउटची इथे गरजही नाही. आयताकृती पंख मुळाशी आधी स्टॉल होतो, टोकं उशिरापर्यंत काम करत राहतात.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. पीळ पडलेला पंख उजवीकडून काढून डावीकडे लावला तर विमान आता दुसरीकडे लोळेल असं वाटतं. तसं होत नाही, ते त्याच बाजूला लोळतं. बोल्ट उलटा धरला म्हणून त्याची आटी उलटी होत नाही, तसंच हे. वरचा पंख खाली नेला तरी तेच. म्हणून पंखांची आपसांत अदलाबदल करून दोष सापडत नाही. पाचवा, तपासलेला पंख एकेका जागी लावून बघायचा. ज्याच्या जागी तो लावल्यावर लोळणं थांबलं तो दोषी. कुठेच फरक पडला नाही तर दोष बॉडीतल्या कोनात आहे, किंवा साच्यातच पीळ होता आणि तो पाचही पंखांत उतरलाय.

पीळ मोजायला सुतारांची जुनी पद्धत पुरते. ३०० मि.मी. च्या दोन सरळ ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, एक मुळाशी आणि एक टोकाशी, रुंदीच्या दिशेने ठेवा आणि एक डोळा मिटून एकीच्या वरून दुसरी बघा. २१० मि.मी. वर १ अंश म्हणजे मागच्या कडेला ३.७ मि.मी. अर्धा मि.मी. पर्यंत ठीक. दीडच्या वर असेल तर तो पंख विमानाला लावू नका.

भुसावळ_यार्ड

पंखांबद्दल लळिंगदादांनी सांगितलंच आहे. मी नाक आणि इतिहासापुरतं लिहितो, कारण नाक चुकलं की विमान लांबून डी हॅविलंडच्या मॉथ विमानासारखं दिसायला लागतं.

ऑलिव्हर सिमन्ड्स आधी सुपरमरीनमध्ये होते. १९२८ मध्ये त्यांनी साउदॅम्प्टनच्या वूल्स्टन भागात आपल्या राहत्या घरी पहिलं स्पार्टन बांधलं, नोंदणी जी-ईबीवाययू. मग सिमन्ड्स एअरक्राफ्ट ही छोटी कंपनी निघाली. स्पार्टन एकूण ४९ झाले. १९३० मध्ये कंपनीचं नाव स्पार्टन एअरक्राफ्ट झालं, नंतर कारखाना आइल ऑफ वाइटवर ईस्ट काउसला गेला आणि १९३५ मध्ये काम थांबलं. पुढचं दोन आसनी बायप्लेन, स्पार्टन ॲरो, फक्त १५ झाले. स्पार्टनपैकी न्यूझीलंडमधलं झेडके-एबीझेड टिकून आहे. रंगसंगतीसाठी त्याचे फोटो पाहा.

सिमन्ड्स पुढे खासदार झाले आणि विमानाच्या सुट्या भागांच्या धंद्यात उतरले. आपण हार्डवेअरच्या दुकानात 'नायलॉक' म्हणून मागतो तो नायलॉनचं कडं असलेला नट ब्रिटनमध्ये त्यांच्याच नावाच्या कंपनीने बनवला. चाकांच्या आसाला आणि स्ट्रटच्या बोल्टला एम३ चे नायलॉकच वापरा. या मॉडेलवर ते शोभतातही. फक्त नट दोन-तीनदा काढला-घातला की कडं सैल होतं. मग तो बदला, गोंद लावून वापरू नका.

इंजिन: स्पार्टनवर सिरस आणि जिप्सी दोन्ही बसले. दोन्ही एका रांगेत चार उभे सिलिंडर, हवेने थंड होणारे. सिरस हे फ्रँक हॅलफर्ड यांनी पहिल्या महायुद्धातून उरलेल्या रेनॉच्या व्ही-८ इंजिनाचं अर्ध घेऊन बनवलं होतं. मॉडेलमध्ये सिलिंडरची डोकी बोनेटच्या वर दिसली पाहिजेत. चार डोकी १८ मि.मी. च्या लाकडी दांड्यातून कापा, भोवती १ मि.मी. कार्डबोर्डच्या चकत्या एकाआड एक चिकटवा, प्रत्येकी आठ-नऊ. चौघांचं मिळून वजन २५ ग्रॅमच्या आत ठेवा. हे नाकातलं वजन आहे, वाया जात नाही, पण पुढे जड झालं तर शेपटीत शिसं घालावं लागेल आणि ते कोणालाच नको असतं.

अदलाबदलीचं तत्त्व सिमन्ड्सनी शेपटीच्या भागांनाही लावलं होतं. तुमच्या आराखड्यातून रडर (शेपटीचं उभं सुकाणू) आणि अर्धा एलिवेटर (आडवं सुकाणू) ट्रेसिंगवर उतरवून एकमेकांवर ठेवा. आकार जुळले नाहीत तर आराखडा काढणाऱ्याने फोटोवरून अंदाज केलाय असं समजा आणि दुरुस्त करून घ्या.

पतंग_जळगाव

दादा, आटीचं उदाहरण वाचून उठलो आणि खरंच बोल्ट उलटा धरून पाहिला. पाच पंख करतो.

दोन शंका. स्ट्रटची फिटिंग वरच्या पंखाला खालून आणि खालच्याला वरून लागते, मग पंख एकसारखे कसे? आणि सर्वो फक्त खालच्या दोन पंखांत ठेवले तर ते वरच्यांपेक्षा वेगळे होतात.

लळिंग

दोन्हीचं उत्तर एकच आहे: जे काही बसवायचं ते आरपार किंवा मधल्या रेषेवर.

स्ट्रट जिथे येतो त्या रिबला, पुढच्या आणि मागच्या स्पारच्या वर-खालच्या काड्यांमध्ये, प्लायचा ठोकळा बसवा. त्यातून बाहेरून ४ आणि आतून ३ मि.मी. ची पितळी नळी उभी आरपार घाला, दोन्ही पृष्ठभागांशी समतल कापा. एम३ बोल्ट आता कुठूनही जातो. जी बाजू वापरात नाही तिच्यावर कव्हरिंगची गोल टिकली लावा. नळी चिकटवण्याआधी पॉलिशपेपरने घासा. गुळगुळीत पितळेला इपॉक्सी नीट धरत नाही, काही दिवसांनी नळी फिरायला लागते.

एलेरॉन चारही पंखांना, प्रत्येकी ३०० × ५०. वरचा आणि खालचा एलेरॉन २ मि.मी. तारेच्या दुव्याने जोडा, म्हणजे सर्वो खालच्या दोघांतच लागतात. एलेरॉनमध्ये हॉर्नखाली (तार जोडायचं शिंग) प्लायची पट्टी दोन्ही पृष्ठभागांपर्यंत हवी. सर्वोचा कप्पा पाचही पंखांत ठेवा आणि तो दोन्ही बाजूंनी उघडा ठेवा. एकाच बाजूने उघडणारा कप्पा उजव्या पंखात खाली येतो आणि डाव्यात वर, हे पंख जोडताना कळतं आणि तोवर उशीर झालेला असतो. झाकणं १ मि.मी. प्लायची, एका पंखाला दोन. पाच-सहा ग्रॅम वाढतात, वाढू द्या.

बॉडीला जोडणी: पुढे ८ मि.मी. ची नळी पंखात २०० मि.मी. आत, फायबरग्लासच्या स्लीव्हमध्ये. त्यासाठी मुळाकडच्या रिबचं पुढचं भोक स्लीव्हच्या मापाने मोठं करा, पण केंद्र हलू देऊ नका. मागे ४ मि.मी. ची पिन, ६० मि.मी. आत. मागची पिन मधल्या रेषेपासून १ मि.मी. सरकली तर ९० मि.मी. अंतरावर ०.६ अंशाचा फरक पडतो. पालथ्या पंखात तोच उलट दिशेला, म्हणजे डाव्या-उजव्यात सव्वा अंश. रिबची भोकं एकेक करून पाडली की नेमकं हेच होतं. गठ्ठ्यातच, उभ्या ड्रिलने पाडा.

डायहेड्रल (टोकांकडे पंख वर चढवणारा कोन) आणि इन्सिडन्स (पंखाचा बॉडीशी कोन) पंखात नाही. डायहेड्रलसाठी नळी मधल्या भागात वाकवा. इन्सिडन्स बॉडीत द्या: खालचा +३ अंश, वरचा +३.५. सिमेट्रिकल पंख शून्य कोनाला शून्यच उचलतो, म्हणून हा कोन द्यावाच लागतो. शून्य दिला तर विमान नाक वर करून, शेपूट लटकवून उडत राहील. वरचा पंख पुढे असल्यामुळे आणि त्याला अर्धा अंश जास्त असल्यामुळे तो आधी स्टॉल होतो, नाक आपोआप खाली येतं आणि वेग परत मिळतो. उलट केलंत, खालच्याला जास्त दिलंत, तर स्टॉलला नाक वरच राहतं आणि विमान कुशीवर पडतं.

पंखांमधल्या तारा दाखवण्यापुरत्या असतील तर लवचीक दोरा लावा. खऱ्या स्टीलच्या लावणार असाल तर चारही कर्णांवर ताण सारखा ठेवा. बोटाने छेडून आवाज जुळवा. एक तार जास्त आवळली की तीच पंखाला पीळ घालते आणि वरची सगळी मेहनत फुकट जाते.

सातपुडा_पायथा

गोंद आणि कव्हरिंगबद्दल लिहिते. दादा, आपल्या भागात दोन वेगळे ऋतू लक्षात घ्यावे लागतात. एकाच गोंदाला दोन्हीकडे सारखं समजून चालत नाही.

सायनो (सायनोॲक्रिलेट, झटपट धरणारा गोंद) हवेतल्या ओलाव्याने धरतो. एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी असते की पातळ सायनो उशिरा धरतो, आणि धरला असं समजून हात सोडला की जोड उघडतो. जोडाजवळ ओला फडका ठेवून हवा थोडी दमट केली तरी फरक पडतो. पावसाळ्यात उलट, तुकडा जागेवर बसायच्या आत तो धरून बसतो. बाटली न उघडता फ्रिजमध्ये ठेवा. वापरायच्या आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर आत दव धरून उरलेला सायनो घट्ट होतो.

स्पार आणि बालसाच्या भिंतींना पांढरा लाकडी गोंद पुरतो, पण साधा नको, पाण्याला टिकणारा घ्या. साधा पांढरा गोंद तापला की मऊ होतो आणि ताणाखाली हळूहळू सरकतो. उन्हात बंद गाडीतलं तापमान ६० अंशांच्या पुढे जातं. तिथे सरकलेला जोड डोळ्याला दिसत नाही, पट्ट्या ठेवल्यावरच पीळ म्हणून दिसतो. पाच मिनिटांत धरणारं इपॉक्सीही या तापमानाला मऊ पडतं. मोटरची फायरवॉल (मोटर बसते ती पुढची भिंत), चाकांच्या तारेची प्लेट, पंखाच्या स्लीव्ह, या तीन जागांना रात्रभर धरणारं इपॉक्सीच वापरा. दोन्ही भाग वजनकाट्यावर किंवा सिरिंजने मोजून घ्या. अंदाजाने काढलेलं मिश्रण वरून कडक झालं तरी आत चिकट राहतं.

कव्हरिंग इस्त्रीने आवळणारं, कापडी पोताचं घ्या. जुन्या विमानाला चकचकीत फिल्म विचित्र दिसते. पाच पंखांना दोन्ही बाजू मिळून १.४ चौरस मीटर, वाया जाणारं धरून २ मीटर लांब, ६० सें.मी. रुंदीचे दोन रोल घ्या. शेपूट आणि बॉडीला वेगळा.

क्रम चुकला की पीळ बसतो, म्हणून सांगते. आधी दोन्ही पृष्ठभागांवर कव्हर फक्त कडेने चिकटवून घ्या, आवळू नका. मग पंख काचेवर सारख्या उंचीच्या चार ठोकळ्यांवर ठेवा. एका बाजूला थोडी इस्त्री, पालथा घाला, दुसऱ्या बाजूला तेवढीच. असं तीन-चार फेऱ्यांत आवळा. एक बाजू पूर्ण आवळून मग दुसरी घेतली की पहिली बाजू पंख ओढून घेते. कव्हरमुळे आलेला पीळ इस्त्री फिरवून उलट दिशेला धरला की निघतो. गोंदात बसलेला मात्र निघत नाही. सुंभ जळतो पण पीळ जात नाही, तसा तो आठवड्याभरात परत येतो.

सांगाडा पावसाळ्यात बांधून लगेच कव्हर करू नका. लाकडात तेव्हा ओलावा असतो, उन्हाळ्यात ते आडव्या अंगाने आकसतं आणि कव्हर सुरकुततं. दिवाळीनंतर कव्हर करा. पंख भिंतीला टेकवून ठेवू नका. मुळाकडच्या नळीत दोरी घालून खुंटीला टांगा. आणि लिथियमची बॅटरी गाडीत विसरू नका, ती फुगते आणि फुगलेली पुन्हा वापरायची नसते.

गिरणाकाठ

ताईंनी गाडीचं तापमान सांगितलं ते बरं केलं. माझ्याकडून चाकं, तोल आणि जागा.

तोल. दोन पंखांची रुंदी सारखी आहे, म्हणून हिशेब सोपा. वरच्या आणि खालच्या पुढच्या कडांमध्ये जेवढं अंतर (स्टॅगर), त्याच्या निम्म्यावर सरासरी कड धरा. समजा आराखड्यात स्टॅगर ६० मि.मी. आहे. सरासरी कड वरच्या कडेच्या ३० मि.मी. मागे. तिथून रुंदीच्या २७ टक्के, ५७ मि.मी. म्हणजे तोलाचा बिंदू वरच्या पंखाच्या कडेपासून ८७ मि.मी. मागे. पहिल्या उड्डाणाला ५ मि.मी. पुढे ठेवा. बॅटरी सरकवता येईल असा ट्रे बॉडीत आत्ताच करा, नंतर जागा मिळत नाही.

मोटर. ७०० केव्हीची (दर व्होल्टला मिनिटाला ७०० फेरे), ४एस ३३०० (चार सेल, ३३०० एमएएच) बॅटरीवर १२ × ६ इंची पंखा (प्रॉपेलर). पूर्ण थ्रॉटलला ३० ॲम्पियरच्या आसपास, सुमारे ४२० वॅट. २.२ किलोला भरपूर. ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा भाग) ४० ॲम्पियरचा चालेल असं वाटतं, तरी आपल्या उष्म्यात ५० चा घ्या आणि बोनेटच्या खाली गरम हवा बाहेर जायला आत येणाऱ्या भोकापेक्षा मोठं भोक ठेवा. मोटर २ अंश खाली, २ अंश उजवीकडे.

चाकं. ३ मि.मी. पियानो वायर, जोडांवर पातळ तांब्याची तार गुंडाळून सोल्डर. वायर थंडच वाकवा. लाल करून वाकवली की तिची स्प्रिंग जाते आणि पहिल्या लँडिंगला पाय फाकतात. बॉडी आडवी ठेवून तोलाच्या बिंदूपासून आसाकडे रेघ ओढली तर ती उभ्या रेषेपेक्षा १६ अंश पुढे झुकली पाहिजे. बिंदू आसापेक्षा १९० मि.मी. वर असेल तर आस ५४ मि.मी. पुढे येतो. कमी ठेवलं तर विमान नाकावर पडतं आणि पंखा तुटतो. जास्त ठेवलं तर टेकल्यावर उड्या मारतं. आराखड्यातली चाकं दाखवायला ठेवा, उडवायला १०० मि.मी. ची, मऊ रबराची.

जमीन. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात बोट-दोन बोटं रुंद भेगा पडतात आणि चाक सरळ आत जातं. चाक मोठं करून हे सुटत नाही, पट्टीच करावी लागते. ६० × ६ मीटर पुरते, वाऱ्याच्या दिशेत, म्हणजे आपल्याकडे बहुतेक पूर्व-पश्चिम. आधी वखर, मग पाणी, वाफसा आला की रोलर. वर ५ सें.मी. मुरूम. तो १८ घनमीटर होतो, म्हणजे साडेसहा ब्रास. सात ट्रॉल्या सांगा. मुरमातले मोठे खडे वेचून घ्या, पंख्याच्या कडा त्यांनीच जातात. पट्टीच्या पश्चिम टोकाला केळीची बाग असेल तर टेकऑफ तिकडे करू नका. केळीच्या पानांत अडकलेलं विमान साबूत निघत नाही, आणि शेतकऱ्याचा घड मोडतो तो वेगळाच.

वेळ. मे महिन्यात दुपारी ४३ अंशाला आपल्या उंचीवर हवेची घनता १.०९ च्या आसपास असते, डिसेंबरच्या सकाळी १२ अंशाला १.२१. दर घनमीटरला तेवढे किलो. म्हणजे तेच विमान मे महिन्यात ताशी दीड-पावणेदोन किलोमीटर जास्त वेगाला स्टॉल होतं आणि पंखाही कमी ओढतो. शिवाय एप्रिल-मेच्या दुपारी वावटळी उठतात, दर चौरस डेसिमीटरला ४० ग्रॅमवाल्या बायप्लेनला त्या उलटं पाडतात. पहिलं उड्डाण डिसेंबर-जानेवारीत, सकाळी साडेसात ते नऊ.

परवानगी. डिजिटल स्कायच्या (सरकारी ड्रोन-व्यवस्था) नकाशावर आपल्या शेताचा झोन आधी बघा. जळगाव विमानतळ आणि धुळ्याची गोंदूर धावपट्टी, दोन्हींच्या आसपासचा मोठा भाग त्यात अडतो. हिरव्या झोनमध्येसुद्धा ४०० फुटांच्या वर जायचं नाही.

वळताना एक सवय ठेवा: एलेरॉनबरोबर रडर. चार एलेरॉनचं बायप्लेन नुसत्या एलेरॉनवर वळवलं की नाक आधी उलट्या दिशेला जातं. एलेरॉनला वर १२ मि.मी. आणि खाली ६ अशी हालचाल ठेवा, रेडिओत ३० टक्के रडर मिसळा. उतरताना थ्रॉटल एकदम बंद करू नका, या पंखांचा आणि तारांचा अडथळा मोठा असतो. पाव थ्रॉटलवर, ताशी ४० च्या आसपास आत या आणि चाकं टेकल्यावरच बंद करा.

लळिंग

गिरणाकाठभाऊंच्या एलेरॉनच्या मापाला एक जोड. वर १२ आणि खाली ६ हा फरक सर्वोच्या हाताच्या कोनातून काढू नका, रेडिओतून काढा. हॉर्न मधल्या रेषेत आणि सर्वोचा हात ९० अंशात ठेवा. हाताच्या कोनातून काढलात तर पालथ्या पंखात तो उलटा होतो, एलेरॉन खाली १२ आणि वर ६ जाईल. पाचवा पंख घाईघाईत बदलताना हे हमखास विसरतं. पाचही पंखांच्या मुळाशी १ ते ५ आकडे घाला, आणि पट्ट्यांनी मोजलेला पीळ मि.मी. मध्ये दिशेसकट आकड्याशेजारी लिहून ठेवा.